हवामुख, वेगविक्रमी मोटारींचे

हवामुख : इंजिनाला ज्वलनासाठी लागणारी हवा आत घेणारे, मोटारीच्या अंगावरचे तोंड. गॅरेजात त्याला इनटेक किंवा स्कूप म्हणतात. पेट्रोल जाळायला त्याच्या वजनाच्या सुमारे साडेचौदा पट हवा लागते. म्हणून या तोंडाचे माप चुकले, तर इंजिनाची ताकदही जाते आणि मोटारीचा वेगही. तोंड जितके मोठे तितकी हवा जास्त, असा समज रूढ आहे. सरळ रेषेत वेगाचा विक्रम करू पाहणाऱ्या मोटारीच्या बाबतीत तो टिकत नाही.

मापाचा हिशेब. चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाइतकी हवा ओढते. पाच लिटरचे इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि सिलिंडर पुरते भरत असतील, तर ते मिनिटाला २०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३३ लिटर हवा घेते. ताशी ३०० किमी वेगाने मोटार सेकंदाला ८३ मीटर पुढे जाते. त्या वेगाला एवढी हवा झेलायला ४० चौरस सेंटीमीटरचे, म्हणजे जेमतेम ७ सेंमी व्यासाचे तोंड पुरते. वेग निम्मा झाला की तोंड दुप्पट लागते. प्रत्यक्षात हिशेबापेक्षा तोंड थोडे मोठे ठेवतात आणि त्याचे काठ गोल करतात, कारण कमी वेगात इंजिनाला हवा चारी बाजूंनी ओढावी लागते. मात्र ते फारच मोठे केले, तर आत न मावणारी हवा काठावरून सांडते, अंगावरचा प्रवाह विस्कटतो आणि हवेचा अडथळा वाढतो.

उष्ण आणि विरळ हवा. उदाहरणार्थ, तापीकाठचे बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला, की तिथल्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०९ किलो भरते. समुद्रकाठी २० अंशांना ते १.२ किलो असते. म्हणजे तिथल्या दुपारी इंजिनाला दहा टक्के हवा कमी मिळते आणि ताकदही साधारण तेवढीच घटते. तोंड मोठे करून ही तूट भरून निघत नाही. साधे इंजिन घनफळ मोजून हवा घेते. हवा विरळ असली तरी घनफळ तेच राहते, आणि तोंडाचे मापही. टर्बोचार्जर लावलेल्या इंजिनाचे गणित वेगळे आहे. तिथे हवेचे वजन कायम राखायचे असेल, तर बाहेरून जास्त घनफळ ओढावे लागते आणि तोंडही त्या प्रमाणात वाढवावे लागते. अमेरिकेतील बॉनव्हिलचे मीठमैदान सुमारे १,२८० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे विरळ हवेचा हा प्रश्न आणखी जाचतो.

वेगाचा दाब. समोरून आदळणारी हवा तोंडात अडली की तिचा दाब वाढतो. स्कूप लावला की फुकटचा सुपरचार्जर मिळाला, ही समजूत यातूनच आली. बऱ्हाणपुरी उन्हाळी हवेत ताशी १५० किमीला ही वाढ एक टक्काही नसते, ३०० ला ती चार टक्क्यांच्या आतच राहते. डोनाल्ड कॅम्पबेलने १९६४ साली ऑस्ट्रेलियातील लेक आयर येथे ‘ब्लूबर्ड’ मोटार ताशी ६४८ किमीपर्यंत नेली. अशा वेगाला मात्र दाब पाचव्या हिश्श्याच्या आसपास वाढतो आणि हवामुखाच्या रचनेला खरे मोल येते.

हा दाब पदरात पडायचा तर तोंडामागची नळी हळूहळू रुंदावली पाहिजे. नळीच्या दोन भिंतींमधला कोन सात ते दहा अंशांत ठेवतात. त्यापेक्षा जास्त असेल तर हवा भिंत सोडते आणि भोवरे धरते. वरच्या उदाहरणातील ७ सेंमीचे तोंड साडेबारा सेंमीपर्यंत, म्हणजे क्षेत्रफळाने तिप्पट करायचे, तर नळी निदान ३० सेंमी लांब हवी. बॉनेटखाली एवढी जागा सहसा मिळत नाही, आणि बहुतेक स्कूप तिथेच फसतात.

जागा. मोटारीच्या पृष्ठभागाला लागून मंदावलेल्या हवेचा थर असतो आणि मागे जाऊ तसा तो जाड होत जातो. म्हणून तोंड नाकाच्या टोकाला ठेवतात, किंवा त्या थराच्या वर उचलून धरतात. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो; तिथून हवा घेण्याची युक्ती शर्यतीच्या मोटारींत जुनीच आहे.

आवळलेला गळा. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत पेट्रोल गाड्यांची सगळी हवा २० मिलिमीटरच्या गळ्यातून घेण्याचे बंधन असते. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संघांना ते चांगलेच परिचित आहे. गळ्यातील हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचली की प्रवाहाची वाढ तिथेच थांबते. समुद्रसपाटीला सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅम हवा मिळते. मागून कितीही ओढले तरी त्याहून जास्त नाही. साध्या मोटारीचे हवामुख अतिलहान ठेवले, तर ते याच मर्यादेच्या दिशेने सरकते.

जेट मोटारी. ‘थ्रस्ट एसएससी’ने १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी १,२२७.९८५ किमीचा विक्रम केला. तिच्यात रोल्स-रॉइसची दोन स्पे इंजिने होती. ध्वनीच्या १.०२ पट वेगाला तोंडासमोर आघातलहर उभी राहते; पण त्या वेगाला तिच्यात वाया जाणारा दाब नगण्य असतो. त्यामुळे लढाऊ विमानांसारख्या सरकत्या झडपांची गरज पडत नाही.

भारतातील मैदाने. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ‘व्हॅली रन’ शर्यती झाल्या आहेत. तिथे मोटार उभ्या जागेवरून सुटते, म्हणून कमी वेगाला पुरेल असे मोठे तोंड परवडते. बऱ्हाणपूरकरांना जवळचे ठिकाण म्हणजे इंदूरनजीकचे, धार जिल्ह्यातील पीथमपूर. तिथे नॅट्रॅक्स या मोटार-चाचणी केंद्राची ११.३ किमी लांबीची अंडाकृती धावपट्टी आहे. तत्कालीन अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी २९ जून २०२१ रोजी तिचे उद्घाटन केले. सलग उच्च वेग टिकवता येत असल्यामुळे अशा पट्टीवर हवामुख कमाल वेगासाठी मापता येते.

पडताळा. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा बाक करून त्यात रंगीत पाणी भरतात. एक टोक फिल्टर असलेल्या हवापेटीला जोडतात, दुसरे मोटारीच्या आत मोकळे ठेवतात. बऱ्हाणपुरी उन्हाळी हवेत ताशी १०० किमीला समोरचा पूर्ण दाब सुमारे ४३ मिलिमीटर पाण्याइतका असतो. पेटीत त्याच्या जवळपास आकडा आला, तर तोंड आणि नळी दोन्ही बरोबर. पाणी उलट्या बाजूला चढले, तर इंजिनाची हवा कुठेतरी अडते आहे. तोंड कापायला घेण्याआधी फिल्टर आणि नळीची वळणे तपासावीत.

विजेच्या मोटारींना ज्वलनाची हवाच लागत नाही. महिंद्र समूहाच्या पिनिनफारिना कंपनीची ‘बाटिस्टा’ ही विजेवरची मोटार नॅट्रॅक्सवर ताशी ३५० किमीच्या पुढे गेली. अशा मोटारीत हवामुख उरते ते बॅटरी आणि मोटर थंड ठेवण्यापुरते, आणि त्याचे माप इंजिनाच्या घनफळावरून न काढता बाहेर टाकायच्या उष्णतेवरून काढतात.