विद्यापीठाची सत्ता कोणाच्या हातीं?

विद्यापीठ म्हटलें कीं राजाबाई मनोरा आणि पदवीदानाचे झगे डोळ्यांपुढें येतात. परंतु त्या झग्यांमागचा कारभार कोणीं पाहावा, हा वाद विद्यापीठाइतकाच जुना आहे.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला. ज्या वर्षीं उत्तरेंत बंडाचा वणवा पेटला, त्याच वर्षीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें हीं ज्ञानपीठें उभीं राहिलीं. नमुना लंडनचा, शिकवावें महाविद्यालयांनीं, विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदवी द्यावी. गव्हर्नर हे कुलपति. कुलगुरु व सीनेटचे फेलो सरकारनें नेमावयाचे. १८६२ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति पहिले पदवीधर बाहेर पडले. परंतु त्यांना पदवी देणाऱ्या संस्थेच्या कारभारांत पदवीधरांना कायद्यानें मताचा हक्क नव्हता. कुलगुरुपदीं पहिले हिंदी गृहस्थ, न्या. काशिनाथ त्रिंबक तेलंग, येण्यास १८९२ साल उजाडलें.

१९०४ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या कायद्यानें फेलोंची तहहयात नेमणूक संपली व संख्या शंभरावर जाऊं नये असें ठरलें. नोंदणीकृत पदवीधरांना दहा जागा मिळाल्या. पण ८० पर्यंत फेलो कुलपतींनींच नेमावयाचे होते. एका हातानें दिलें, दुसऱ्यानें आवळलें! यानें विद्यापीठें सरकारी खातीं होतील, म्हणून गोखले यांनीं कायदेमंडळांत निकरानें विरोध केला.

पुढें १९२८ च्या कायद्यानें लोकनियुक्त घटक वाढला. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन होऊन डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु झाले. विद्यापीठें वाढलीं, तसे कायदेही वाढले. अखेर १९९४ सालीं राज्यांतील बहुतेक विद्यापीठांना एकच कायदा लागू झाला, आणि त्याची जागा २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें घेतली.

या कायद्यान्वयें राज्यपाल हे कुलपति असून शोधसमितीनें सुचविलेल्या नांवांतून ते कुलगुरु नेमतात. व्यवस्थापन परिषद कारभार पाहते, विद्यापरिषद अभ्यासाचा दर्जा सांभाळते, आणि अंदाजपत्रक अधिसभेपुढें येतें. तींत प्राध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक आहेत. आणि नोंदणीकृत पदवीधरांच्या जागा आजही दहाच आहेत.

या दहा जागांसाठीं मत देण्यास पदवी पुरत नाहीं. मतदार म्हणून नांव नोंदवावें लागतें. पदवीचा कागद चौकटींत लावून जो नोंदणी विसरतो, तो रानड्यांच्या पिढीला न मिळालेला हक्क आपल्या हातानें सोडून देतो.