तारखेचे भाषांतर
एका डेटाबेसातील तारीख दुसऱ्यात नेणे हे केवळ मांडणीचे रूपांतर नव्हे. प्रत्येक प्रणालीच्या पोटी एक कालगणना दडलेली असते. एसक्यूएल सर्व्हरमधील जुना ‘डेटटाइम’ प्रकार १७५३ पूर्वीची तारीख स्वीकारीत नाही. कारण इंग्लंडने ग्रेगरियन कालगणना १७५२ मध्ये अंगीकारली. ओरॅकल मात्र रोमची १५८२ ची सुधारणा प्रमाण मानते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख तत्कालीन इंग्रजांच्या ज्यूलियन गणनेची होय. त्या दिवशी शनिवार होता. ओरॅकल त्याच तारखेस बुधवार दाखविते, कारण ग्रेगरियन गणनेने तो दिवस १६ जून ठरतो. सबब रूपांतराची आज्ञा लिहिणाऱ्याने प्रथम तारखेची मूळ कालगणना निश्चित करावी. अन्यथा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आज्ञाही इतिहासात दहा दिवसांची चूक घुसविते.