बांगड्यांचा हात आणि गौरीचा मुखवटा

गौरी यायला थोडेच दिवस राहिलेत. पेणजवळ हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत बायकांना मान वर करायला फुरसत नसेल. आज आम्हाला बोलायचंय ते दुःखाबद्दल, आणि माणसं ते मूर्तीत कसं ठेवत आली त्याबद्दल.

जुन्या देवळापाशी अर्धवट रुतलेला कोरीव दगड तुम्ही पाहिला असेल. तो वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे.

सतीशिळा वेगळी. तिच्यावर कोपरात वाकलेला एक हात असतो, बांगड्यांनी भरलेला. नवऱ्यामागे जीव दिला म्हणून तिच्या बांगड्या दगडात शाबूत राहिल्या. जी मागे राहिली, जिने पोरं वाढवली, भात लावला, तिच्या मात्र फोडल्या. तिचा दगड कुणी उभा केला नाही. सतीबंदीचा कायदा बंगालमध्ये १८२९ साली झाला, मग मुंबई इलाख्यातही आला. हिशेब मात्र तोच राहिला. पितृपक्षातली अविधवा नवमी आठवा. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला खास तिथी आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांना तसं करायला सांगितलं. आम्ही ती बातमी बैठकीत मोठ्याने वाचली. आणि पुढच्या संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू ठेवलं! तीन सभासद आल्या नाहीत. का आल्या नाहीत हे कळायला आम्हाला दोन बैठका लागल्या. चूक आमचीच होती.

त्यातली एक पेणकडची. कारखान्यात मुखवट्यांच्या डोळ्यांची आखणी करते, हात असा की रेघ हलत नाही. पण घरी गौरीपूजनाला ती मागच्या पडवीत बसते. आता गौर म्हणजे काय हो? तेरड्याची रोपं, त्यावर साडी, दागिने, मुखवटा. झाड, कापड, धातू, माती एकत्र करून बायकांनीच उभी केलेली मूर्ती. तिचे डोळे जिने काढले, तिनेच तिला साडी नेसवायची नाही.

गेल्या श्रावणात हळदीकुंकवाऐवजी आम्ही शाडूची गोणी आणली. गेलेल्या माणसाचं काहीतरी घरून आणा, एवढंच सांगितलं. रोह्याकडच्या एकीने कुंडलिकेत मासे धरणाऱ्या नवऱ्याच्या जाळ्याचा तुकडा आणला, एकीने सदऱ्याची बटणं. आखणीवालीने काहीच आणलं नाही. तासभर नुसती माती मळत बसली.

जाळंवालीने मातीची होडी करून त्यात जाळं दाबलं. सुकताना ती तडकली आणि बाई ढसाढसा रडली. चार वर्षांत तिला रडताना आम्ही पाहिलं नव्हतं. तेव्हा आखणीवाली उठली. शाडू पाण्यात पातळ केला, बोटाने भेग भरली, वरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, कापड आत गेलं की माती तडकतेच. थोडी थोडी भरायची." मग दोघी बोलत बसल्या, अंधार पडेपर्यंत.

सगळं बदललं असं नाही. होडी एका घरात फळीवर आहे, दुसऱ्या घरात सासूबाईंनी बटणांची मूर्ती आत ठेवायला लावली. आखणीवाली अजून पडवीतच बसते. पण यंदा तिने स्वतःहून विचारलं, शाडू कधी आणताय?

गौरीच्या आधीच्या बैठकीला आणतोय. हात धुवायला बादली, बसायला गोणपाट आम्ही आणू. आणायचं ते तुम्ही आणा. नाही आणलं तरी या.