तेरड्याची गौर

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर इतिहास म्हटला की बोट आपोआप किल्ल्यांकडे जाते. कुलाबा, जंजिरा, रेवदंडा. दगड टिकतो, म्हणून त्याचा इतिहास लिहिला जातो. पण भाद्रपदात घरोघर जी हिरवी आरास मधोमध मांडतात, ती चार दिवसांत पाण्यात जाते. तिचा पुरावा शोधायचा कुठे?

थोडा पोथीत सापडतो. गणपतीच्या एकवीस पत्री घ्या. दूर्वा, आघाडा, माका, रुई, धोत्रा ही आपल्या पायाखालची. केवडा तर खाडीकाठचाच. पण त्याच यादीत देवदार आहे! देवदार हिमालयातला वृक्ष. तो अलिबागेत कुणी आणायचा? गुरुजी त्याच्या जागी अक्षता वाहून वेळ निभावतात. म्हणजे ही यादी काही कोकणात बसून केलेली नव्हे.

गौरीचे तसे नाही. अनुराधा नक्षत्रावर कितीतरी घरांतल्या मुली-सुवासिनी तेरडा मुळासकट उपटून आणतात. त्याची लागवड नको की विकत घेणे नको. पावसात बांधाला, वईच्या कडेला तो आपसूक माजतो. मुळे तुटू द्यायची नाहीत, कारण ती गौरीची पावले. जुडी बांधून उभी करायची, लुगडे नेसवायचे, मुखवटा लावायचा. ज्येष्ठेला पूजा, मुळावर विसर्जन. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण चंचल माणसाला म्हणतो. गौरीचा मुक्कामही तेवढाच. चित्पावनांकडे तीच गौर पाणवठ्यावरच्या खड्यांची. पेणच्या गणपतीला कारखाना लागतो, हिला शेताचा बांध पुरतो. माझ्या मते या चालीचे मूळ पोथीत नाही, शेतात आहे.

दुसरा पुरावा विरोधकांनीच ठेवला. रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्यांच्याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढले आणि घरी, परसात तुळस ठेवायला मनाई केली. एका रोपट्याची सत्तेला केवढी धास्ती! तुळस निदान अंगणात दिसते. बांधावरच्या तेरड्याला कोण आणि कसा अटकाव करणार?

शिक्षकबंधूंनी यंदा एक करावे. गौरीत कोणती रोपे घालतात, ते मुलांनी आपापल्या आजीला विचारून लिहून आणावे. शेजारच्या गावची नावे वेगळी निघतील, म्हणून गावाचे नाव टाकायला विसरू नये.