केवलादेवचे पाणी

फाल्गुन लागला की भरतपूरच्या केवलादेव पाणथळीतील पाणी मागे सरू लागते. पावसाळ्यात झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढलेले तळे आता उथळ डबक्यांत विभागले जाते आणि उरलेल्या पाण्यावर पाखरांची दाटी होते. थापट्या बदके चोची पाण्याला टेकवून गोल फिरत असतात, काळेभोर वारकरी थव्याने तरंगत असतात, चक्रवाकांच्या जोड्या काठावर उभ्या असतात. रंगीत करकोच्यांची पिल्ले एव्हाना घरटी सोडून उडालेली असतात. हिवाळा काढायला उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची परतीची लगबग याच दिवसांत सुरू होते. काल गजबजलेला पाण्याचा तुकडा आज सकाळी मोकळा दिसतो आणि रात्रीतून कोणीतरी निरोप न घेता निघून गेले हे ध्यानी येते. आपल्या धर्मग्रामांत हा प्रायश्चित्तकाळ असतो. वसंताच्या तोंडावर पाखरे पाहायची, तर याहून चांगले दिवस नाहीत.

परंतु या पाणथळीकडे 'निसर्गाने निर्मिलेले नंदनवन' म्हणून पाहणाऱ्याला तिचा इतिहास कळणार नाही. सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश मुळात एक खोलगट भूभाग. अठराव्या शतकात भरतपूरचा जाट राजा सूरजमल याने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घातला, आणि पुढे या बांधाचे पाणी कालव्यांतून खोलगट भागात सोडता येऊ लागले. आतल्या महादेवाच्या देवळावरून 'केवलादेव' आणि दाट झाडीवरून 'घना' असे नाव पडले. नावात देव आहे, झाडी आहे, पाणी मात्र नाही. ते माणसाने आणले. बांध, कालवे आणि लहान लहान दरवाजे यांच्यावर येथील प्रत्येक पाखराचे पोट अवलंबून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालव्यांची आणि दरवाजांची नवी रचना झाली ती पाखरांच्या प्रेमापोटी नव्हे. मोरवीचे राजपुत्र हरभामजी त्या वेळी भरतपूर संस्थानचा कारभार पाहत होते. विलायतेत बदकांच्या शिकारीसाठी तळी राखतात, तसे तळे येथे व्हावे, ही त्यांची कल्पना. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत या शिकारखान्याचा आरंभ झाला. मग दर हिवाळ्यात साहेब येत, पाण्यातल्या ठराविक जागी बंदुका उभ्या राहत, हाकारे थवे उठवीत. कोणी किती पाखरे मारली याची नोंद दगडावर कोरून देवळाजवळ उभी केलेली आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पाखरे पडली, हा त्या दगडावरचा सर्वांत मोठा आकडा. आज पक्षी पाहायला येणारी माणसे तो दगड वाचून हळहळतात. हळहळावे असेच ते आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते की शिकारीची हौस नसती तर हे पाणी कधीच शेतात गेले असते आणि पाखरेही.

शिकारखान्याचे अभयारण्य होण्यात मुंबईच्या ज्या माणसाचा मोठा वाटा होता, त्याच्या घडणीत आपल्या एका धर्मगुरूचा हात होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलर्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटेच्या कपाटे उघडून दाखविली. तेथून मुलाला पाखरांचा नाद लागला. पण नादाने पोट भरत नाही. पुढे ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात काही वर्षे काढून हा तरुण मुंबईस परतला आणि व्यापारी शिक्षण घेऊ लागला, तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्याला हेरले आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविले. फादर ब्लॅटर स्वित्झर्लंडचे, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. झेवियर्समधला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. हिशेबाच्या वह्यांकडे निघालेल्या एका मुसलमान तरुणाची खरी ओढ एका कॅथलिक धर्मगुरूला दिसली, ही घटना लहान दिसते. भारतातील पक्षिशास्त्राचा पुढचा इतिहास तिच्याशी जोडलेला आहे. सलीम अलींनी १९८५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याला 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' असे नाव दिले. हा शब्दप्रयोग शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधला, आणि त्याच्याही मागे आहे मत्तयच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय, जेथे येशू चिमणीच्या पडण्याविषयी बोलतो.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि या पाण्यावर नवे डोळे लागले. तळे आटवावे, जमीन कसायला द्यावी, पाणी शेतीला वळवावे, अशी मागणी पुढे आली. ती मागणी दुष्टपणाची नव्हती. भुकेल्या देशात ती स्वाभाविकच होती. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत आपले म्हणणे पोहोचविले आणि तळे वाचले. १३ मार्च १९५६ रोजी ते पक्षी-अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत राहिला. शेवटची मोठी शिकार १९६४ साली झाली. अभयारण्यात बंदुका चालू, असा हा काही वर्षांचा विचित्र संसार होता. त्याच सुमारास मुंबईची सोसायटी येथे पाखरे पकडून त्यांच्या पायांत धातूची कडी घालीत होती. कड्यावर मुंबईचा पत्ता कोरलेला असे. अशी कडी ल्यालेली बदके दूर सोव्हिएत देशात सापडली, तेव्हा ही पाखरे कोठून येतात याचा पुरावा हाती आला. पाखरे पकडण्याचे काम बिहारकडचे मीरशिकार करीत. त्यांची पिढीजात विद्या बाजारात पाखरे विकण्यासाठी होती. ती शास्त्राच्या कामी आली.

१० मार्च १९८२ रोजी केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले. १९५६ ची घोषणा आणि ही घोषणा, दोन्ही तारखा त्या त्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात येतात, हा निव्वळ योगायोग. परंतु दुसऱ्या घोषणेनंतर जे घडले ते खरोखर प्रायश्चित्त मागणारे होते.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत, असा कायदा. भोवतालच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यात चरत, डुंबत आल्या होत्या. गावकऱ्यांचे दूध, शेणी, म्हणजे घरची चूल, त्या चराईवर चालत असे. १९८२ च्या नोव्हेंबरात बंदी अमलात आली. पर्यायी कुरणाची नीट सोय झाली नव्हती. लोक चिडले, जमाव भिंतीवर चालून आला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि गावकऱ्यांचे जीव गेले. जेथे व्हाइसरॉयांच्या बंदुका चालल्या होत्या, तेथे आता पाखरांच्या रक्षणासाठी माणसांवर बंदुका चालल्या. जाणत्या पक्षितज्ज्ञांचा सल्लाही बंदीच्याच बाजूचा होता. त्यांची पाखरांवरची माया खरी होती याविषयी शंका नाही. म्हैस ही तळ्याची शत्रू, हे गृहीत मात्र कोणी तपासून पाहिले नव्हते.

ते तपासले गेले, पण नंतर. ज्या सोसायटीशी सलीम अलींचे नाव आयुष्यभर जोडलेले होते, तिच्याच शास्त्रज्ञांनी डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षे या तळ्याचा अभ्यास केला आणि १९९१ साली अहवाल दिला. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचे पाणगवत माजले. त्याच्या जाड गादीने उघडे पाणी झाकून टाकले. बदकांना उतरायला जागा उरली नाही, पाखरांची संख्या घटली. चरता चरता म्हैस हे गवत ताब्यात ठेवीत होती, खुरांनी चिखल मोकळा करीत होती. गावकऱ्याची म्हैस ही त्या तळ्याची राखणदार होती, असे शास्त्रानेच सांगितले. सलीम अली तो अहवाल पाहायला नव्हते. १९८७ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले होते. आपल्या पूर्वीच्या समजुतीविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्या संस्थेने लपविला नाही, हे तिच्या मोठेपणाचे लक्षण मानले पाहिजे. पुढे गवत कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांना परवान्याने मिळाली, माजलेली विलायती बाभूळ काढण्याच्या कामातही त्यांना घेतले गेले.

तळ्याच्या या दुखण्याशी सायबेरियन क्रौंचाची कथा काही अंशी गुंतलेली आहे. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा हा पक्षी पश्चिम सायबेरियाच्या दलदलीतून, अफगाणिस्तानच्या सरोवरांवर थांबे घेत, येथे येई. उथळ पाण्यातल्या चिखलात चोच खुपसून तो लव्हाळ्यांचे कंद उपटून खाई. १९६० च्या दशकात असे दोनशेच्या आसपास क्रौंच येत. मग ते उतरत गेले. वाटेत त्यांची शिकार होई, आणि अफगाणिस्तानात तर युद्ध पेटले होते. म्हणून सारा दोष गवतावर टाकणे बरोबर नाही. तथापि गवताच्या गादीखालचे कंद त्यांना सहज मिळेनासे झाले होते. १९९३-९४ आणि १९९४-९५ या हिवाळ्यांत एकही क्रौंच आला नाही. नंतर मोजके दिसले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली. वसंताच्या तोंडावर ती उत्तरेकडे गेली, त्यानंतर भरतपूरला सायबेरियन क्रौंच दिसलेला नाही.

सृष्टीची राखण हा ख्रिस्ती माणसाच्या कर्तव्याचा भाग आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या विश्वशांतिदिनाच्या संदेशात मांडले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबाचे दुःख एकत्रच ऐकण्याचा आग्रह धरला. तो आग्रह वाचताना मला भरतपूरची ती भिंत आठवते. तेथे दोन्ही दुःखे एकमेकांच्या विरुद्ध उभी केली गेली, आणि अखेर दोन्ही बाजूंचे नुकसान झाले.

पाण्याचा प्रश्न तर अजून तसाच उभा आहे. करौली भागात गंभीर नदीवर पांचना धरण झाले, आणि २००३ नंतर केवलादेवकडे येणारे पाणी अडले. काही वर्षे तळ्याला भेगा पडल्या, करकोच्यांनी घरटी बांधली नाहीत. उद्यानाला वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते. धरणाखालचे शेतकरी म्हणतात, आमच्या शेतांना आधी द्या. आणि त्यांच्या बाजूलाही न्याय आहे. शेवटी गोवर्धन नाल्यातून पुराचे पाणी आणि नळाने चंबळेचे पाणी आणण्याची व्यवस्था करावी लागली. सूरजमलच्या बांधावर उभे राहिलेले तळे आता दूरच्या नदीच्या नळावर भरते. पाणी वेळेवर आले की श्रावणात रंगीत करकोचे बाभळींवर काटक्या रचू लागतात. उशीर झाला की ते वाट पाहतात, आणि त्यांच्याबरोबर सायकलरिक्षा चालवून पाहुण्यांना पाखरे दाखविणारे भरतपूरचे रिक्षावालेही.