प्लेगचें इस्पितळ आणि त्यांतील माणसें

साथींच्या इतिहासांत मेलेल्यांची गणना सांपडते, सरकारी हुकूम सांपडतात. परंतु रोग्याच्या उशाशीं रात्र काढणाऱ्या नोकराच्या मनांत काय चाललें होतें, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. मुंबईच्या प्लेगकडे आम्हांस या बाजूनें पाहावेसें वाटतें.

१८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मांडवींत हा रोग ओळखला. त्याचा जंतु हाँगकाँग येथें १८९४ सालींच सांपडला होता. शत्रूचें नांव ठाऊक होतें. तो कोणत्या वाटेनें येतो, हें मात्र कोणास सांगतां येत नव्हतें. मग तयारी ती काय करावयाची? कार्बोलिक आम्ल शिंपडावें, भिंतींस चुना द्यावा, रोग्याचीं वस्त्रें जाळावीं, इतकेंच. आर्थर रोडच्या इस्पितळांतील माणसांच्या वांट्यास तर दुहेरी भय आलें. आंत रोग आणि बाहेर लोक! इस्पितळांत नेऊन माणसें मारतात, अशी वदंता उठली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगार त्या इस्पितळावर चालून गेले. त्यांस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्ही तसें म्हणणार नाहीं. आंत गेलेल्यांपैकीं पुष्कळ परत येत नव्हते, हें त्यांना दिसत होतें.

नवल असें कीं, ज्या खाटेपाशीं जाण्यास सारे भीत, तेथें वावरणाऱ्या परिचारकांस गांठीचा प्लेग क्वचितच होई. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखविला. तो सर्वांस पटावयास आणखी कित्येक वर्षें गेलीं. उंदीर नसलेल्या स्वच्छ वॉर्डापेक्षां चाळींतील आपली खोलीच अधिक घातक होती!

फुप्फुसांच्या प्लेगची गोष्ट निराळी. तो श्वासानेंच जडतो. १८९७ सालीं मुंबईस येऊन या रोगाचा अभ्यास करून गेलेले डॉ. हेरमान म्यूलर व्हिएन्नांत काम करीत असतां, १८९८ च्या ऑक्टोबरांत तेथील प्रयोगशाळेचा नोकर फ्रान्झ बारिश यास तो जडला. म्यूलर यांनीं त्याचे उपचार जातीनें केले. २३ ऑक्टोबर रोजीं ते स्वतः वारले. मागोमाग परिचारिका आल्बिने पेखा हीहि गेली. मुंबईंतून सुखरूप परतल्याच्या अनुभवानें म्यूलर यांस धीर दिला असेल, कीं गाफील ठेविलें असेल? दोन्ही, असें आम्हांस वाटतें. पेखाबाईपाशीं तो अनुभवहि नव्हता.