‘बिचेस ब्रू’ नेमका कधी वाजवला गेला?

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक अगदी साधं वाक्य होतं. ‘२१ ऑगस्ट १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस आणि त्यांच्या साथीदारांनी फॅरोज डान्स ही रचना वाजवली.’ गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘नक्की?’ मला वाटलं तारीख चुकली. तपासली, तर तारीख बरोबर होती. चूक ‘वाजवली’ या शब्दात होती, आणि ती कळायला मला जवळपास एक सत्र लागलं. ती गोष्ट तुम्हाला सांगतो.

आधी थोडी ओळख. ‘बिचेस ब्रू’ हा डेव्हिस यांचा दोन तबकड्यांचा अल्बम ३० मार्च १९७० रोजी कोलंबिया कंपनीने काढला. जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफाची, ज्याला लोक फ्यूजन म्हणतात त्याची, गोष्ट सांगताना हे नाव टाळता येत नाही. (नावात चेटकिणींच्या कढईवरचा श्लेष आहे आणि एक शिवीही. निर्माते टिओ मसेरो यांनी हे नाव कंपनीच्या वरिष्ठांना कळवणारी छोटीशी चिठ्ठी आजही उपलब्ध आहे. ती वाचताना त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.) ध्वनिमुद्रण झालं १९ ते २१ ऑगस्ट १९६९ या तीन दिवसांत. वुडस्टॉकचा महोत्सव १८ तारखेच्या सकाळी संपला होता. म्हणजे जिमी हेंड्रिक्स मंचावरून उतरला आणि दुसऱ्या दिवशी ही मंडळी स्टुडिओत जमली.

मंडळी तरी किती! दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन बास, दोन ड्रमवादक, शिवाय तालवाद्यं, जॉन मॅक्लॉक्लिन यांची गिटार, वेन शॉर्टर यांचा सॅक्सोफोन, बेनी मॉपिन यांचं बास क्लॅरिनेट. ड्रमवर बसलेला लेनी व्हाइट एकोणीस वर्षांचा होता. डेव्हिस यांनी हातात पूर्ण लिहिलेली स्वरलिपी दिलीच नाही, काही स्वरांचे तुकडे, एखादी लय, बाकी खुणा. आणि मसेरो यांना सूचना होती की टेप थांबवायची नाही, जे होईल ते सगळं घ्यायचं.

आता एक काम करा. हेडफोन लावा आणि ‘फॅरोज डान्स’ ८ मिनिटं ३५ सेकंदांपासून ऐका. ८:३९ च्या आसपास एक सेकंदभराचा तुकडा येतो. मग ८:५४ ते ८:५९ या पाच सेकंदांत तोच तुकडा पाच वेळा येतो. तसाच्या तसा, श्वासासकट. कोणताही माणूस एक जागा पाच वेळा इतकी सारखी घेऊ शकत नाही. ही जागा वादकांनी घेतलेलीच नाही, ती टेपवर बनवलेली आहे.

कशी, तेही सांगतो, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो. त्या काळी स्टुडिओत फीत साधारणपणे सेकंदाला १५ इंच धावायची. म्हणजे एक सेकंद संगीत म्हणजे सव्वा फूट फीत. ती हाताने पुढेमागे सरकवत हवी ती जागा शोधायची, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने दुसऱ्या तुकड्याला जोडायची. तोच तुकडा पाचदा हवा असेल तर त्याच्या तेवढ्या प्रती करून एकापुढे एक लावायच्या. अभ्यासकांनी वीस मिनिटांच्या ‘फॅरोज डान्स’मध्ये असे सुमारे १९ जोड मोजलेत. सुरुवातीची ती थांबत-थांबत येणारी ओळखीची धून तर सबंध अशीच रचलेली आहे. सत्तावीस मिनिटांच्या शीर्षक-रचनेत पंधराएक जोड आहेत.

हे हात मसेरो यांचे. हा माणूस नुसता तंत्रज्ञ नव्हता. जुलियार्डमध्ये शिकलेला संगीतकार, स्वतः सॅक्सोफोनवादक, चार्ल्स मिंगस यांच्याबरोबर वाजवलेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुद्रित झालेल्या ‘इन अ सायलेंट वे’मध्ये त्याने सुरुवातीचा भाग उचलून शेवटी पुन्हा जोडला होता, आणि ऐकणाऱ्याला ती ठरवून केलेली पुनरावृत्ती वाटत राहिली. ‘बिचेस ब्रू’त त्याने हीच गोष्ट फार पुढे नेली.

मग ही रचना कोणाची? कागदावर ‘फॅरोज डान्स’ जो झाविनुल यांच्या नावावर आहे. पण झाविनुल यांनीच पुढे सांगितलेला एक किस्सा आहे. कंपनीच्या कचेरीत काहीतरी भन्नाट संगीत चालू होतं, त्यांनी तिथल्या बाईंना हे काय म्हणून विचारलं, आणि उत्तर मिळालं की हा तर तुम्हीच वाजवलेला अल्बम. आठवणी वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत होतात, तेव्हा शब्दशः घेऊ नका. पण वाजवणाऱ्यालाच आपलं वाजवणं ओळखू आलं नाही, एवढा भाग मला पटतो. दुसरीकडे डेव्हिस यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात ठासून सांगितलं की कल्पना आपलीच होती, कंपनीची किंवा मसेरोंची नव्हे. माझं मत विचाराल तर दोघांचंही खरं आहे. टेप अखंड चालू ठेवायला सांगणारा माणूस पुढे कापाकापी होणार हे जाणून होता. पण कुठे कापायचं हा निर्णय संगीतरचनेचाच आहे, आणि मुखपृष्ठावर त्याची नोंद फक्त ‘निर्माता’ अशी होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे अस्सल कागद आणि बखर हा जुना वाद आठवतो. स्टुडिओतली आठ ट्रॅकची रिळं म्हणजे अस्सल कागद, तीन दिवसांत काय झालं त्याचा पुरावा. अल्बम म्हणजे बखर, नंतर बसून, निवडून, जोडून सांगितलेली. मी बखर हातात घेऊन ‘त्या दिवशी असं घडलं’ असं लिहीत होतो! पण गंमत अशी की १९७० मध्ये लोकांच्या घरी पोहोचली ती बखर. तरुण वादकांनी ऐकली, गिरवली ती बखर. मॅक्लॉक्लिन यांची महाविष्णू ऑर्केस्ट्रा, झाविनुल-शॉर्टर यांचा वेदर रिपोर्ट हे सगळं त्यानंतरचं. पुढे मॅक्लॉक्लिन मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ उभी करतात, तोही याच वाटेवरचा टप्पा.

१९९८ मध्ये गोष्ट आणखी गुंतली. कंपनीने चार सीडींचा संच काढला आणि त्याला ‘संपूर्ण बिचेस ब्रू सत्रं’ असं नाव दिलं. मूळ रिळांवरून मिश्रण नव्याने केलं, मसेरो यांचे जोड पुन्हा करून पाहिले. पण ‘संपूर्ण’ म्हणताना त्यात फेब्रुवारी १९७० पर्यंतची इतर सत्रंही घातली. नोव्हेंबर १९६९ ची, ज्यांत खलील बालकृष्ण सतारीवर आणि बिहारी शर्मा तबल्यावर आहेत, तीही. ऐकायला मला ती फार आवडतात, पण मूळ अल्बमशी त्यांचा संबंध तेवढाच की वादक बरेचसे तेच. आणि आज तुम्ही ऑनलाइन ऐकता ती प्रत कोणत्या मिश्रणाची आहे हे दर वेळी वर लिहिलेलं नसतं. म्हणून आता तळटीपेत मी मुद्रणाची तारीख, आवृत्तीचं वर्ष आणि मिनिट-सेकंद अशा तिन्ही गोष्टी देतो. प्रकरण चार पानांनी वाढलं.

ते रेघ मारलेलं वाक्य मी काढून टाकलं. तसं साधं वाक्य मला एका वेगळ्याच ठिकाणी लिहिता आलं. ७ मार्च १९७० च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये, नील यंगच्या कार्यक्रमाला आलेल्या रॉकच्या श्रोत्यांसमोर, डेव्हिस यांनी सहा जणांच्या संचासह ‘बिचेस ब्रू’ आणि ‘स्पॅनिश की’ वाजवलं. त्या रात्रीचं मुद्रण २००१ मध्ये बाहेर आलं. त्यात तो पाच वेळा येणारा तुकडा नाही, दुसरा बासही नाही. आणि समोर बसलेल्या लोकांनी अल्बम ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, तो दुकानात यायला अजून तीन आठवडे होते.